उतार किती ते नको, गाळ कसला ते सांगा

समुद्रात काही उभारायचं निघालं की ठरलेला वाद सुरू होतो. मग त्या पवनचक्क्या असोत, वायूची पाइपलाइन असो, विमानतळासाठीचा भराव असो नाहीतर खोल पाण्यातलं खाणकाम. प्रकल्पवाले नकाशा उघडतात आणि सांगतात, इथे तळाला जेमतेम एक-दीड अंशाचा उतार आहे, एवढ्यात काय घसरणार? विरोधक उठून सांगतात, तळाला ड्रिलचं टोक लागलं की सगळा उतार सुटेल आणि त्सुनामी किनाऱ्यावर येईल. मग पहिले दुसऱ्यांना विकासविरोधी ठरवतात, दुसरे पहिल्यांना विकले गेलेले. या गदारोळात ज्या पदार्थावर सगळं अवलंबून आहे त्या गाळाचं नाव कोणी घेत नाही. तो वाळू आहे की चिकणमाती, किती वेगाने साचला, त्यात पाणी किती अडकलंय, ढवळल्यावर त्याचं काय होतं, हे प्रश्न टीव्हीवरच्या चर्चेत सोडाच, जनसुनावणीतही क्वचितच निघतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाण्याखालचा उतार टिकेल की नाही हे त्याच्या कोनावरून ठरत नाही, गाळाच्या गुणधर्मांवरून ठरतं. हे गुणधर्म मोजता येतात आणि मोठ्या प्रकल्पांत ते मोजलेलेही असतात, पण ती मोजमापं कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या कपाटात पडून राहतात. समुद्रतळ कोणाच्या खासगी मालकीचा नाही. त्याच्या पोटात काय आहे याची नोंद खासगी का असावी? तळाला हात लावण्याची परवानगी देताना गाळाची सगळी मोजमापं ठरावीक मुदतीत खुली करण्याची अट घातली पाहिजे. ती नसेल तर आपण करतो त्या वादांना अर्थ नाही, कारण दोन्ही बाजू अंदाजावरच भांडत असतात.

‘सपाट आहे’ हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही, हे मान्य करू. कोरड्या वाळूचा ढीग साधारण तीस अंशांच्या उतारावर उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच ढीग संथ पाण्यात बुडवला तरी कोन जवळपास तेवढाच राहतो, हे मात्र अनेकांना पटत नाही. पाण्यामुळे कणांचं वजन घटतं, त्यामुळे खाली ओढणारा जोर घटतो आणि कणाकणांमधलं घर्षणही त्याच प्रमाणात घटतं. हिशेब जिथल्या तिथे राहतो. चिकणमातीचं गणित वेगळं, पण तेही धीर देणारंच. सावकाश साचलेल्या, स्वतःच्याच वजनाने नीट दबलेल्या मऊ चिकणमातीची ताकद तिच्यावरच्या भाराच्या साधारण पाव पट असते, आणि तेवढ्या ताकदीवर चौदा-पंधरा अंशांपर्यंतचा उतार टिकायला हरकत नाही. मग एका अंशाची चिंता कशाला?

चिंता अशासाठी की निसर्गाने हा हिशेब पुन्हा पुन्हा खोटा पाडला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यापुढे स्टोरेग्गा नावाची जागा आहे. सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी तिथून ३,००० घन किलोमीटरच्या आसपास गाळ खोल समुद्रात गेला. त्याने उठवलेल्या त्सुनामीच्या खुणा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या थराच्या रूपाने आजही सापडतात. शेटलंड बेटांवर तर पाणी वीस मीटरांहून उंच चढलं होतं. आणि ज्या उतारावरून हे सगळं सुटलं त्याची सरासरी? एक अंशाहूनही कमी. जमिनीवर एवढ्या उताराला आपण मैदान म्हणतो.

हे कसं होतं ते समजून घ्यायला फार मोठं गणित लागत नाही. तीस अंशांचं घर्षण असलेला गाळ एका अंशावर सुटायचा असेल, तर त्याच्या पाण्यातल्या वजनापैकी जवळजवळ ९७ टक्के भार कणांच्या सांगाड्यावरून उतरून मधल्या पाण्यावर गेलेला असला पाहिजे. कण एकमेकांना टेकलेले असतात तोवर घर्षण असतं. भार पाण्याने उचलला की टेकणंच राहत नाही. कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मातीच्या शास्त्राचा पाया घातला तो याच विचारावर: मातीची ताकद एकूण वजनावर नसून, एकूण वजनातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरतं त्यावर असते. म्हणजे उतार जितका सपाट आणि तरी सुटलेला, तितकी आतल्या पाण्याची भानगड मोठी. ‘एकच अंश आहे’ हे वाक्य दिलासा म्हणून वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की एका अंशावरचं घसरणं त्या वाक्याने अशक्य ठरत नाही. ते झालंच, तर कशामुळे होईल एवढंच त्यातून कळतं.

हा दाब येतो कुठून? मुख्यतः घाईतून. खोल महासागराच्या तळावर हजार वर्षांत काही मिलिमीटर गाळ बसतो. त्यातलं पाणी निवांत निघून जातं. मोठ्या नदीच्या मुखापुढे तेवढा गाळ काही दिवसांत येतो. वरचा थर बसतो, खालच्यावर वजन येतं, खालच्यातलं पाणी निघू पाहतं आणि त्याला वाट सापडत नाही. वाट असणं-नसणं कणांच्या आकारावर आहे: स्वच्छ वाळूतून पाणी ज्या वेगाने झिरपतं त्याच्या लाखाव्या भागानेही ते घट्ट चिकणमातीतून झिरपत नाही. मेक्सिकोच्या आखातात उर्सा खोऱ्यात २००५ साली आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक मोहिमेने बोअरहोल घेऊन हा दाब प्रत्यक्ष मोजला. तळापासून काहीशे मीटरांतच, कणांच्या सांगाड्यावर जो भार असायला हवा होता त्यातला सुमारे ६० ते ७० टक्के पाण्याने उचललेला निघाला. वरून पाहिलं तर तिथे शांत, मऊ, सपाट चिखल आहे.

मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. टोकाला शंकू आणि शंकूपाशी दाबमापक बसवलेली सळई सावकाश गाळात ढकलतात. ढकलण्यामुळे आजूबाजूच्या पाण्याचा दाब वाढतो. मग सळई थांबवतात आणि पडद्यावरचा आलेख बघत बसतात. वाळूत तो काही सेकंदांत खाली येतो. चिकणमातीत तास जातात. आणि जहाजाचं भाडं घड्याळावर चालू असल्याने पुष्कळदा आलेख पुरता सपाट होण्याआधीच सळई वर ओढली जाते. उरलेला आलेख अनुभवी माणूस अंदाजाने पुरा करतो. प्रकल्पाच्या अहवालात शेवटी येतो तो एकच आकडा. तो आकडा किती वेळ थांबून मिळाला हे अहवाल वाचणाऱ्या माणसाला कळायला नको का?

पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाळाचा स्वभाव. स्वीडन-नॉर्वेच्या प्रयोगशाळांत शंभर वर्षांपासून एक साधी चाचणी होते. चिकणमातीचा न दुखावलेला तुकडा ठेवायचा, त्याला धातूचा टोकदार शंकू जेमतेम टेकवायचा आणि सोडून द्यायचा. शंकू किती मिलिमीटर रुतला त्यावरून ताकद निघते. मग पाण्याचा थेंबही न घालता तोच तुकडा घोटायचा आणि शंकू पुन्हा सोडायचा. साध्या चिकणमातीत तो थोडा जास्त रुततो. काही मातीत मात्र सरळ तळ गाठतो, कारण मघाशी सुरीने कापावी लागत होती ती माती आता भांड्यातून ओतता येते. घोटण्याआधीची ताकद नंतरच्या ताकदीच्या तीस पटींहून जास्त असली की सावध व्हायचं. खाऱ्या पाण्यात बसलेल्या चिकणमातीचे पापुद्रे पत्त्यांच्या बंगल्यासारखे आडवे-उभे टेकून राहतात. मागाहून गोडं पाणी झिरपून त्यातलं मीठ धुऊन गेलं, की बंगला उभा दिसतो पण धक्का सोसत नाही. १९७८च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या रिसा गावात एका शेतकऱ्याने गोठा वाढवण्यासाठी खणलेली सातशे घनमीटरच्या आसपास माती तळ्याच्या काठावर टाकली. काठ आधी पाण्यात गेला, मग त्यामागची जमीन तुकड्या-तुकड्याने. एकूण पन्नास-साठ लाख घनमीटर. तिथेही जमीन काही डोंगराळ नव्हती. त्यानंतर नॉर्वेने देशभरात अशा मातीचे पट्टे शोधून त्यांचे नकाशे करायला घेतले, आणि ते नकाशे लोकांसाठी खुले आहेत. घर बांधणारा ते बघू शकतो. समुद्रतळावर बांधणाऱ्याच्या शेजाऱ्याला तशी सोय बहुतेक ठिकाणी नाही.

वाळूचंही सगळं आलबेल नसतं. नेदरलंड्सच्या झीलंड प्रांतात भरतीच्या प्रवाहांनी बांधांच्या पायथ्याशी सैल, बारीक वाळूचे उतार कोरले जातात आणि अधूनमधून ते पातळ होऊन वाहून जातात. १८८१ ते १९४६ या काळात अशा दोनशेहून जास्त घटनांची नोंद आहे. घट्ट बसलेली वाळू ढकलली की फुगते आणि पाणी आत ओढते. सैल वाळू ढकलली की दबते आणि पाणी बाहेर ढकलू पाहते. वाळू तीच, खनिज तेच, फक्त कण किती दाटीने बसले आहेत एवढाच फरक. कोणत्याही नकाशावर हा फरक दिसत नाही.

आता दुसरा आवडता विषय: भूकंप. दरड कोसळली की सगळे विचारतात, कशाने सुटली? आणि भूकंपाची नोंद सापडली की चौकशी संपते. भूकंपाचं महत्त्व मी नाकारत नाही. पाण्याखाली तो जमिनीपेक्षा जास्त जोराने भिडतो, कारण हादरा बसतो तो गाळ अधिक पाणी अशा पुऱ्या वजनाला, तर धरून ठेवणारी ताकद असते फक्त बुडीत वजनापुरती. १७ जुलै १९९८ला पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. तो सिसानो खाडीच्या परिसरात दोन हजारांहून अधिक माणसं मारणारी लाट उठवण्याइतका मोठा नव्हता. समुद्रतळाची पाहणी झाल्यावर किनाऱ्यापुढे घसरलेला मोठा ढिगारा सापडला आणि कोडं सुटलं. हे सगळं खरं. पण भूकंपच जर सगळं ठरवत असेल, तर जिथे तो वरचेवर होतो तिथले उतार सर्वांत कच्चे असायला हवेत. प्रत्यक्षात वारंवार हादरणाऱ्या किनाऱ्यांपुढचा गाळ त्याच खोलीवरच्या शांत किनाऱ्यांच्या गाळापेक्षा घट्ट सापडतो. लहान हादऱ्यांनी उतार सुटत नाही, आतला दाब थोडा वाढतो, मग पाणी निघून जातं आणि कण आधीपेक्षा दाटीने बसतात. उलट ज्ञात असलेल्या अजस्र दरडींपैकी अनेक शांत किनाऱ्यांपुढेच आहेत.

आणि भूकंपाशिवाय सुटलेल्या उतारांचं काय? १६ ऑक्टोबर १९७९ला फ्रान्समधल्या नीस विमानतळाला लागून बंदरासाठी चाललेला भराव काही मिनिटांत समुद्रात गेला. भूकंप नव्हता. त्याआधी जोराचा पाऊस झाला होता आणि भरावाखाली मऊ चिकणमाती होती. माणसं गेली, लाट आंतीबपर्यंत पोचली, खोल तळावरच्या केबल तुटल्या. आणि भरावामुळे दरड झाली की दरडीमुळे भराव गेला, हा वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे संशोधकांनी तिथे दाबमापक रोवले तेव्हा दिसलं, की वार नदीच्या खोऱ्यातलं भूजल समुद्रतळाखालच्या वाळू-गोट्यांच्या थरांतून येतं आणि पावसाबरोबर तिथला दाब वर-खाली होतो. ३ नोव्हेंबर १९९४ला अलास्कातल्या स्कॅगवे इथे दुरुस्ती चाललेला धक्का कोसळला आणि एक कामगार गेला. तेव्हा असाधारण मोठी ओहोटी होती. ओहोटीत उताराला बाहेरून टेकू देणारं पाणी उतरतं, पण गाळाच्या आतलं पाणी तेवढ्या चटकन उतरत नाही. मिसिसिपीच्या मुखापुढे तर वादळाच्या लाटा पुरतात: लाटेच्या माथ्याखाली तळावर दाब वाढतो, खळग्याखाली घटतो, आणि मऊ चिखल त्या हेलकाव्यांनी मळला जातो. २००४च्या सप्टेंबरात इव्हान चक्रीवादळात टेलर एनर्जी या कंपनीचा तेल प्लॅटफॉर्म असाच चिखलाने आडवा केला. विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या आणि तेलाची गळती चालूच राहिली आणि २०१९मध्ये ते तेल गोळा करणारी यंत्रणा बसेपर्यंत ते समुद्रात जात राहिलं. ओहोटी, पाऊस, लाटा, भूकंप. सुटण्याचं निमित्त दर ठिकाणी वेगळं. निमित्तांची यादी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा कोणत्या गाळाला निमित्त पुरेल हे शोधणं जास्त कामाचं.

इथपर्यंत वाचून विरोधकांना बरं वाटलं असेल, तर त्यांच्याही बाजूकडे वळायला हवं. ‘ड्रिल केलं की त्सुनामी’ आणि त्याचं सुशिक्षित रूप म्हणजे ‘समुद्र तापला की तळातला गोठलेला मिथेन सुटेल आणि किनारे कोसळतील’. यातली भौतिकी बरोबर आहे. मिथेन हायड्रेट थंडी आणि दाब या दोन्हींवर टिकून असतं. ते वितळलं तर वायू आणि पाणी मोकळं होतं आणि वाट नसेल तर दाब वाढतो. पण शक्य असणं आणि घडलेलं असणं यात अंतर असतं. जगभरच्या मोठ्या दरडींची वयं एकत्र ठेवून पाहिली, तर त्या समुद्रपातळीच्या किंवा तापमानाच्या एखाद्या ठरावीक टप्प्यालाच घडल्या असं ठामपणे म्हणता येत नाही. वयांमधली अनिश्चितताच तेवढी मोठी आहे. आणि या पंथाचं लाडकं उदाहरण असलेल्या स्टोरेग्गाने त्यांची निराशा केली आहे. त्या दरडीच्या खाचेतच १९९७मध्ये ऑर्मेन लांगे हे वायूक्षेत्र सापडलं. त्याहून अवघड जागा शोधून सापडली नसती. तिथे काय झालं? वर्षानुवर्षं कोअर, म्हणजे बोअरहोलमधून निघणारे गाळाचे लांब नमुने, काढले, दाब मोजले, भूकंपीय रेषांवर, म्हणजे तळाखाली लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या छेदचित्रांवर, थर ओळखले. हिमयुगात हिमनद्यांनी भराभर आणून टाकलेल्या गाळाने खालच्या मऊ सागरी चिकणमातीतलं पाणी कोंडलं. बहुधा मोठ्या भूकंपाने पायथा सुटला. मग पायथ्याकडून वरच्या बाजूला एकेक तुकडा आधार गेल्याने सुटत गेला. हायड्रेटला मुख्य आरोपी ठरवायला पुरावा मिळाला नाही. निष्कर्ष असा निघाला, की जो गाळ सुटण्याजोगा होता तो गेलेला आहे, आणि तशी परिस्थिती पुन्हा यायला आणखी एक हिमयुग लागेल. २००७मध्ये उत्पादन सुरू झालं. या अभ्यासाचा मोठा भाग शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाला, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे बाहेरचा माणूस ठरवू शकतो. भीती खोटी ठरली तीही मोजणीमुळेच. कंपनीने नुसतं ‘आम्ही तपासलंय, काळजी नको’ म्हटलं असतं तर कोणी का ऐकावं?

नोंदी खुल्या झाल्या की काय होतं याचा जुना दाखला याहून बोलका आहे. १८ नोव्हेंबर १९२९ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्सच्या कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीत २८ माणसं गेली. तिथल्या तारेची लाइन आधीच्या वादळात तुटलेली असल्याने बाहेरच्या जगाला तीन दिवस पत्ताच नव्हता. त्याच वेळी अटलांटिकच्या तळावरच्या बारा टेलिग्राफ केबल तुटल्या. केंद्राजवळच्या तत्काळ, बाकीच्या उताराच्या दिशेने एकामागून एक, शेवटची तेरा तासांहून अधिक वेळाने. केबल कंपन्यांकडे प्रत्येक तुटीची मिनिटापर्यंत वेळ होती, कारण संदेश बंद पडला की पैसे बुडत होते. सुरुवातीला सगळ्यांनी भूकंपाने जमीन फाटली आणि केबल तुटल्या, असंच मानलं. तेरा तासांनी जमीन कशी फाटते, हा प्रश्न वेळापत्रकात दडलेला होता. १९५२मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी त्या वेळा नकाशावर मांडल्या आणि दाखवलं, की उतारावरचा गाळ सुटून पाण्यात मिसळला आणि त्या गढूळ प्रवाहाने शेकडो किलोमीटर धावत वाटेतल्या केबल तोडल्या. खोल समुद्रात गाळ असाही प्रवास करतो हे तेव्हा ठामपणे कळलं. एका धंद्याच्या हिशेबी नोंदींनी एका शास्त्राला उभं केलं, पण मध्ये तेवीस वर्षं गेली. २०२०च्या जानेवारीत काँगो नदीच्या मुखापुढच्या दरीतून असाच प्रवाह अकराशे किलोमीटरहून दूर गेला आणि आफ्रिकेला जोडणाऱ्या इंटरनेट केबल त्याने तोडल्या. या वेळी दरीत उपकरणं होती आणि केबलवाले बोलायला तयार होते. विश्लेषण दोन-तीन वर्षांत लोकांपुढे आलं.

खुल्या नोंदींवरचे आक्षेप मी ऐकलेले आहेत आणि त्यातला एक खरोखर जड आहे. तो असा: बोअरहोल वीतभर रुंदीचं, दोन बोअरहोलांमध्ये किलोमीटर-किलोमीटर अंतर, आणि घात करणारा कच्चा थर कधी कधी काही सेंटिमीटरांचा. तो निसटला तर? मग आकडे खुले करून तुम्ही लोकांना खोटी खात्रीच देणार ना? बरोबर आहे, एकेकटं बोअरहोल फसवतं. पण यातून निघतं काय? एका कंपनीची दहा बोअरहोलं, शेजारच्या केबलवाल्याची पाच, विद्यापीठाची दोन, अशी एकमेकांना न दिसता पडून असतील तर कच्चा थर निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त. नॉर्वेतल्या फिन्नाइडफ्योर्डमध्ये १९९६ला पाण्याखाली सुरू झालेली घसरण किनाऱ्यात शिरली, रस्ता घेऊन गेली, चार माणसं गेली. नंतर तिथला घसरणीचा पातळ थर कोअरमध्ये ओळखला गेला आणि भूकंपीय चित्रांत आजूबाजूला दूरवर माग काढता आला. असे थर बहुधा एका जागेपुरते नसतात. एकाच पुरात किंवा एकाच ऋतुचक्रात ते मोठ्या पट्ट्यावर बसलेले असतात. शेजाऱ्याचा कोअर म्हणून उपयोगी.

‘मोठ्या दरडी हजारो वर्षांत एकदा होतात’ हा आक्षेप स्टोरेग्गासाठी ठीक आहे. नीस, स्कॅगवे, फिन्नाइडफ्योर्ड एकाच पिढीतले आहेत, आणि तिन्ही ठिकाणी माणसांचा वावर उताराच्या डोक्यावरच होता. व्यापारी गुपिताचं कारण तर मला पटतच नाही. किलोमीटरभर खालच्या तेलसाठ्याची माहिती गुपित ठेवण्यात धंदा असेल. वरच्या शंभर मीटर चिखलाच्या ताकदीत कसलं गुपित? हल्ली सुरक्षेचं कारण पुढे येतं, केबल कापल्या जाण्याच्या बातम्यांनंतर तर हमखास. केबल कुठून जाते हे लपवायचं असेल तर जरूर लपवा. चिकणमाती किती मिठाची आहे हे कळून कोणी केबल कापायला जात नाही. लोक घाबरतील म्हणावं, तर ते आत्ताच घाबरलेले आहेत, तेही ऐकीव गोष्टींवर.

हे कुठे जमत नाही असंही नाही. नेदरलंड्समध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी टेंडर काढण्याआधी सरकारच जागेची तपासणी करवून घेतं आणि बोअरहोल, शंकू-चाचण्या, प्रयोगशाळेचे निकाल सगळ्यांना बघता येतील असे ठेवतं. बोली लावणाऱ्यांनाही ते सोयीचं पडतं: एकाच चिखलात पाच कंपन्यांनी पाच वेळा सळया खुपसण्याचा खर्च वाचतो. ब्रिटनमध्ये समुद्रतळ भाड्याने देणारी क्राउन इस्टेट ही संस्था २०१३पासून प्रकल्पांची सर्वेक्षणं एका खुल्या संग्रहात जमा करते. या व्यवस्थांत कमतरता असतील, पण तिथल्या कंपन्या काही बुडालेल्या नाहीत.

नकाशे पूर्ण करण्यावर भर देणाऱ्यांबद्दलही एक शब्द. समुद्रतळाचा नकाशा २०३०पर्यंत पुरा करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २०१७मध्ये सुरू झाला आणि आत्ता कुठे पाव भागाच्या थोडा पुढे गेला आहे. चांगलं काम आहे, व्हावं. मात्र नकाशा आकार सांगतो. अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या पश्चिमेकडच्या उतारावरून सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी सुटलेली ‘नटराज’ नावाची दरड आहे, अंदाजे १९,००० घन किलोमीटरची, जगातल्या सर्वांत मोठ्या दरडींपैकी एक. ती नंतरच्या गाळाखाली पुरती गाडलेली आहे. तळाच्या नकाशावर तिचं नावनिशाण नाही. भूकंपीय रेषांवर ती ओळखू आली आणि २०१५च्या मोहिमेने बोअरहोल घेतल्यावर हाताला लागली.

त्या मोहिमांची एक पद्धत थेट उचलण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय महासागर खोदकामात निघालेले कोअर ब्रेमेन, कोची (जपानमधलं) आणि टेक्सासमधल्या थंड खोल्यांत सुमारे चार अंशांवर ठेवलेले असतात. मोहिमेवर गेलेल्या शास्त्रज्ञांना साधारण वर्षभर पहिला हक्क, त्यानंतर कोणीही अर्ज करून तुकडा मागवू शकतो. या साठ्याचा उपयोग कोणाला कधी होईल सांगता येत नाही. वायव्य आफ्रिकेपुढच्या केप ब्लांक दरडीचा कच्चा थर कोणता, हे २०१८मध्ये समोर आलं: डायटम या सूक्ष्म शैवालाच्या सांगाड्यांचा, पाण्याने भरलेला थर, त्यावर चिकणमातीचं झाकण. ते कळलं काही दशकांपूर्वी हवामानाच्या इतिहासासाठी घेतलेल्या बोअरहोलच्या नोंदींवरून; दरड हा त्या खोदकामाचा विषयही नव्हता. प्रकल्पांसाठी काढलेले कोअर मात्र अहवाल लिहून झाला की बहुधा वाळतात किंवा फेकले जातात. परवानगीच्या अटीत म्हणून नुसते आकडे पुरणार नाहीत. मूळ आलेख हवेत, सळई किती वेळ थांबवली त्याची नोंद हवी, कोअरचा निम्मा भाग थंड खोलीत हवा, आणि कंपनीला दोन वर्षांची मुदत देऊन त्यानंतर सगळं, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, मागेल त्याला मिळायला हवं.